मंगळवारची म्हैस

लोटनच्या मोटारीला धुळ्यापासून झोडग्यापर्यंत सगळे म्हैस म्हणत. रंग काळा, पोट मोठं, आवाज जाड, आणि पाणी दिसलं की थांबायची सवय. नाव कुणी ठेवलं ते कुणाला ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं त्याने मोटार नीट पाहून ठेवलं होतं. लोटनला मात्र त्या नावाचा फार राग यायचा.

ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मोटार मूळची सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याची. त्याने ती हौसेने घेतली, बायकापोरांना चार गावं फिरवलं, आणि हौस फिटल्यावर गोठ्याशेजारी उभी केली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. लोटनने आपल्या वाट्याची जमीन थोरल्या भावाला देऊन टाकली आणि ही मोटार घरी आणली, तेव्हा सगळ्या भाऊबंदांनी त्याला वेड्यात काढलं. "वावर दिन्हं अन् म्हैस लई उना," असं जो तो म्हणू लागला. तेव्हापासून लोटनच्या मनात एकच होतं. ही मोटार अशी चालवून दाखवायची की बोलणाऱ्यांची बोलती बंद व्हावी.

सपाट रस्त्यावर म्हैस तशी झकास चाले. सहा सिलिंडरचं मोठं इंजिन, माणसं गच्च भरली, टपावर कोंबड्यांची खुराडी आणि गुळाच्या भेल्या चढवल्या तरी कुरकुर नाही. पण धुळं सोडून दक्षिणेला निघालं की लळिंगचा किल्ला दिसू लागे, आणि किल्ला दिसला की म्हशीचा दम निघे. चढाच्या पायथ्याशी लोटन मोटार उभी करायचा आणि तोंड दुसरीकडे करून म्हणायचा, "उतरा भाऊ, उतरा."

मग सगळे उतरत. म्हातारे, आजारी आणि ओल्या बाळंतिणी तेवढ्या आत बसून राहत. बाकीचे तंबाखू मळत, लग्नं जमवत, शेजाऱ्याच्या शेताची निंदा करत पायी चढ चढत. रिकामी म्हैस फुसफुसत पुढे जाई आणि वरच्या लिंबाखाली वाफा सोडत उभी राही. लोटन तिच्या तोंडात पाणी ओती. लोक वर पोचले की हसत आत बसत. लोटनला वाटे, हे आपल्यालाच हसतात.

या उतरणाऱ्यांत मंगळवारी धुरपदा असायची. झुलाल पाटलांची सून. तिचं सासर झोडग्याच्या अलीकडे, आणि माहेर अगदी चढाच्या पायथ्याशी, सडकेपासून हाकेच्या अंतरावर. पण त्या घराचा उंबरा तिने लग्न झाल्यापासून ओलांडला नव्हता. लग्नात झालं असं, की वऱ्हाडाच्या बैलांना वैरण पुरली नाही. माणसं पुरणपोळीवर आडवा हात मारत होती आणि बाहेर गाड्यांचे बैल रिकाम्या दावणीत तोंड घालून हंबरत होते. माणसं उपाशी राहिली असती तर झुलाल पाटलांनी हसण्यावारी नेलं असतं. पण बैल उपाशी राहिले. पाटील भर मांडवात उठले आणि म्हणाले, "मन्ही सून आजपाईन या गावमा पाय ठेवाव नही." बापाने पागोटं पायावर ठेवलं, तरी पाटील हलले नाहीत. पुढल्याच वर्षी तो बाप गेला. धुरपदाला तेव्हाही पाठवलं नाही.

पण मोटारीची ही सडक म्हणजे आग्रारोड, सरकारचा. त्यावर गावाचा हक्क नाही आणि पाटलांच्या शपथेचाही नाही. धुरपदाची सासू तानुबाई हिचे डोळे बिघडले होते, आणि दर मंगळवारी तिला धुळ्याच्या दवाखान्यात औषध घालायला न्यावं लागे. डोळ्यांवर हिरवं फडकं, एक हात सुनेच्या खांद्यावर, पायरी पायाने चाचपून मोटारीत चढायचं, असं तिचं चालायचं. परतताना पायथ्याशी सगळे उतरले की तानुबाई मागच्या सीटवर बसून राही. आणि बाभळीआडून भिकुबाई, म्हणजे धुरपदाची आई, पदराखाली ज्वारीच्या पापडांचं, बिबड्यांचं, गाठोडं घेऊन सडकेवर येई. चढ संपेपर्यंत मायलेकी बरोबरीने चालत. वर लिंब दिसू लागला की आई मागे वळे.

हे लोटनला ठाऊक होतं. मोटारीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात असणं वेगळं. माणसं रमतगमत चालत असताना कोण कुणाच्या बाजूने चाललंय हे कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी पाटलांच्या घरी जाऊन सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मोटार थकली, म्हणून पोर उतरली. सडकेवर कुणी भेटलं, त्याला ती काय करणार?

त्या वर्षी धुळ्याच्या रतिलालने याच सडकेवर नवी मोटार आणली. ती चढावर थांबत नसे. भोंगा वाजवत ती म्हशीच्या अंगावरून पुढे जाई, आणि तिच्यातली माणसं खिडकीतून हात हलवत. लोटनच्या नेहमीच्या उतारूंनीही हळूहळू रतिलालची वाट धरली. जे राहिले ते टोमणे मारत. "लोटन, रतिलाल बठ्ठास्ले बसाडीसन चढी जास. तू आम्हले चालाडस अन् भाडं बी लेस!"

लोटनला रात्रंदिवस तो चढ दिसू लागला. शेवटी एके दिवशी त्याने म्हैस धुळ्यात पुना मिस्तरीच्या दारात नेऊन उभी केली.

पुना मिस्तरी जिभेने तिखट आणि हाताने देवमाणूस. मोटारीच्या पोटाला कान लावून तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "म्हैस बुढी नही व्हयनी, लोटन. तिनी छातीमा काजळी भरेल शे. नवी मोटर कसाले जोयजे? इलेच पैलवान करी देस."

दोघांनी मिळून इंजिन उघडलं. आतली काजळी पुनाने लाकडी पट्टीने खरवडून काढली. तव्याचं बूड खरवडावं तशी ती पापुद्र्यांनी निघाली. झडपा घासून बसत्या केल्या. इंजिनचं वरचं झाकण, त्याला मिस्तरी लोक हेड म्हणतात, ते सरकी काढण्याच्या जिनात नेऊन यंत्रावर जरासं तासून घेतलं. झाकण तासलं की आतली जागा कमी होते, हवा जास्त दाबली जाते आणि पेट घेतल्यावर धक्का मोठा बसतो, हे पुनाने लोटनला मूठ आवळून समजावलं. पेट्रोल जिथून येतं ते बारीक भोक किंचित मोठं केलं. मागचा गंजलेला सायलेन्सर काढून सरळ नळी लावली. आणि शेवटी स्टिअरिंगच्या चाकाखालची ठिणगीची दांडी नीट बसवली. त्या काळच्या मोटारींना ती दांडी असे; पुढे सरकवली की ठिणगी लवकर पडून इंजिन जोर धरी, मागे ओढली की तेच इंजिन जांभया देऊ लागे. दांडीच्या टोकाला काळी गोटी होती. पुना म्हणाला, "चढवर हाई पुढे ठेव, अन् देवनं नाव ले."

म्हैस सुरू झाली तेव्हा गल्लीतली कुत्री पळाली. लोटनच्या अंगावर काटा आला. लग्नात त्याला इतका आनंद झाला नव्हता, आणि हे त्याने नंतर बायकोसमोर बोलूनही दाखवलं, त्याचं फळ त्याला मिळालं.

पहिला मंगळवार आला. परतीच्या वेळी चढाचा पायथा जवळ आला तशी माणसं सवयीने बोचकी सावरू लागली. लोटन ओरडला, "कोनी उतरू नका! बशी ऱ्हा!" त्याने दांडी पुढे सारली. म्हैस डरकाळली आणि भरल्या पोटाने चढ चढू लागली. आधी माणसं घाबरली, मग हसली, मग टाळ्या पिटू लागली. कुणीतरी "लोटन पहिलवानकी जय!" असं ओरडलं.

त्याच वेळी लोटनला बाभळीपाशी भिकुबाई दिसली. गाठोडं पदराखालून बाहेर आलेलं, हात अर्धा वर उचललेला. मोटार थांबत नाही हे तिला कळलं तशी ती काही पावलं धावली. म्हातारं माणूस धावतं तशी, एक हात गुडघ्यावर ठेवून. मागच्या सीटवर धुरपदा अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. 

लोटनचा पाय ब्रेककडे हलला, पण खाली दाबला गेला नाही. आता थांबलो तर चढाच्या मध्ये भरलेली मोटार पुन्हा निघायची नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. त्या दिवशी म्हैस किल्ल्यावरही चढली असती. त्याला थांबायचं नव्हतं, एवढंच.

वर लिंबाखाली लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. लोटनने सगळ्यांना विड्या वाटल्या. तानुबाई हिरव्या फडक्याआड बसून होती. धुरपदा चढाकडे पाठ करून बसली होती, आणि पुढच्या सगळ्या वाटेवर ती तशीच बसून राहिली.

घरी आल्यावर लोटनला जेवण गोड लागेना. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि मिळालं तेव्हा डोळ्यांपुढे यावं काय, तर गुडघ्यावर हात ठेवून धावणारी म्हातारी. त्याला राग आला. आपण मोटार चालवतो की माहेरपणं करतो? पण राग टिकेना.

पुढल्या मंगळवारी सकाळी धुळ्याला पोचल्यावर तानुबाईला दवाखान्याच्या ओट्यावर बसवून धुरपदा तांब्या भरायला आली, तेव्हा लोटनने तिला गाठलं. "पोरी, सांजले तठे मोटर थांबाडस. तू मायले भेटी ले."

धुरपदाने मान हलवली. "नको नाना. तुम्ही मुद्दाम थांबाडी का बठ्ठास्ले समजी. पाटीलनी सूनसाठे मोटर थांबनी म्हनतीन. मन्हा सासराना कानवर गयं का मन्हं धुयाना दवाखानाले येवानं बी बंद व्हई." ती तांब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हैस थकस, बठ्ठा उतरतस. तठे कोनाच दोष नही व्हता."

एवढं बोलून ती गेली. लोटन दिवसभर मोटारीभोवती फिरत राहिला. पोरीचं म्हणणं खरं होतं. ती एकटी उतरून चालणार नव्हतं. सगळे उतरायला हवे होते, शिव्या घालत उतरायला हवे होते. त्यासाठी एकच गोष्ट लागत होती, आणि नेमकी तीच त्याने तासून, घासून, खरवडून काढून टाकली होती.

सांजेला मोटार गच्च भरली. मागल्या मंगळवारची कीर्ती पसरली होती. रतिलालचे उतारूसुद्धा म्हशीत येऊन बसले होते. पुना मिस्तरी आपल्या हाताची करामत बघायला पुढच्या सीटवर मिशीला पीळ देत बसला होता. आणि मागून रतिलालची नवी मोटार येत होती. लोकांनी पैजा लावल्या, आज लिंबाखाली आधी कोण पोचतं. लोटनने आयुष्यात मागून मागून एवढंच मागितलं असतं.

चढ सुरू झाला. म्हशीने दम धरला. माणसं ओरडू लागली. लोटनला पुढे बाभूळ दिसली, आणि बाभळीपाशी भिकुबाई. या खेपेला तिने हात वर केला नव्हता. गाठोडं छातीशी धरून ती नुसती उभी होती, मोटार जाताना निदान लेकीचं तोंड दिसेल म्हणून आलेली.

लोटनने चाकाखाली हात नेला आणि काळ्या गोटीची दांडी मागे ओढली.

इंजिनचा आवाज बसला. म्हशीने दोन आचके दिले, अंग शहारलं आणि ती उभी राहिली. रतिलालची मोटार भोंगा वाजवत पुढे निघून गेली. लोटनने तोंड दुसरीकडे केलं. "उतरा भाऊ, उतरा. थकी गयी."

मग जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हशीचं, लोटनचं आणि लोटनच्या बापाचं नाव निघालं. पुनाचा चेहरा काळवंडला. तो मोटारीचं पुढचं झाकण उघडायला उठला, तेवढ्यात त्याची नजर दांडीवर गेली. त्याने दांडीकडे पाहिलं, लोटनकडे पाहिलं, मग बाहेर, जिथे मायलेकी एकमेकींच्या अंगाला अंग लावून चालू लागल्या होत्या. चारचौघांत जीभ आवरणं पुनाला जमत नसे. तरी तो मोठ्याने म्हणाला, "पेट्रोलमा कचरा शे. मन्ही चूक शे," आणि खाली उतरून चालू लागला.

त्यानंतर दर मंगळवारी हेच होऊ लागलं. बाकीच्या दिवशी म्हैस भरल्या पोटाने चढायची आणि मंगळवारी थकायची. लोकांनी डोकं खाजवलं आणि शेवटी आपणच उत्तर काढलं: लोटनची म्हैस मंगळवार धरते. गणपतीचा उपास करते. गंमत वाढत गेली, कुणी मोटारीला शेंदूर लावला, कुणी नारळ वाढवला. ज्यांना घाई असे ते मंगळवारी रतिलालकडे जात. लोटन हसण्यावारी नेई, पण त्याला ते झोंबायचं. या मोटारीसाठी त्याने जमीन सोडली होती आणि त्या चढावर आठवड्यातून एकदा त्याचं हसं होत होतं. पुना एकांतात त्याला बजावी, "ठिणगी मांगे ठेईसन चढवर चालाडशी ते इंजन तापी. तासेल हेड शे. एक दिन जाई."

पोळा होऊन गेला, कापूस फुटला, वेचणी सरत आली. जिनाकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांनी सडक भरून जाऊ लागली. अशाच एका मंगळवारी लोटनने नेहमीप्रमाणे सगळ्यांना उतरवलं. माणसं गाड्यांच्या कडेकडेने चालत पुढे गेली. मायलेकी सगळ्यांत मागे राहिल्या होत्या. मोटारीत लोटन आणि मागे तानुबाई, दोघंच. त्या दिवशी धुरपदाला आईजवळ सांगण्यासारखं काही होतं, तिला दिवस गेले होते; सकाळी मोटारीतल्या बायकांच्या बोलण्यातून ते लोटनच्या कानावर आलं होतं. म्हणून लोटन म्हशीला अगदी गोगलगाईसारखी चढवत होता. पाण्याच्या टाकीच्या झाकणातून वाफ येऊ लागली. जळका वास सुटला. पण दांडी पुढे घेतली तर वर लवकर पोचू, आणि मोटार वर थांबलेली दिसली की पोर घाईने निघेल, म्हणून तो दात ओठ खाऊन तशीच रेटत होता.

मागून तानुबाईचा आवाज आला. "लोटन, ती कायी गोटी जराशी पुढे सरकाड. कितली मांगे वढी राह्यना? इंजन जयी जाई."

लोटनने सवयीने दांडी पुढे सारली. इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने गर्रकन मान वळवली.

तानुबाईने हिरवं फडकं कपाळावर सरकवलं होतं. तिचे डोळे स्वच्छ होते. सुपारी कातरण्याइतके स्वच्छ.

"अक्का, तुमले दिसस?"

"पोयाना सनपाईन दिसस."

"मंग दवाखाना?"

"डोया बरा व्हयनात असं घर सांगं का मंगयवार बंद. मंगयवार बंद का पोरनी माय बंद." म्हातारीने मागे वळून उताराकडे पाहिलं. "पाटीलना शब्द पाटील संभायी. मन्हा डोया मी संभायस. तू तुन्ही म्हैस संभाय."

लोटनने मान पुन्हा सडकेकडे वळवली. इतके दिवस त्याला वाटत होतं की या चढावर आपण एकट्यानेच काहीतरी सोडलंय, आणि त्याचा त्याला मनातल्या मनात थोडा गर्वही होता. इथे एक बाई सण गेले, वेचणी गेली, तरी आपल्याच घरात भिंती चाचपत आंधळी होऊन राहत होती. आपल्या नवऱ्यासमोर, आपल्या लेकासमोर. ताटातली भाकरी हाताने शोधत.

"पोरले म्हाईत शे?" त्याने विचारलं.

"नही. तिले समजनं ते ती मन्हा पाया पडी, अन् पाया पडी का घरमा समजी." तानुबाई अजून मागेच बघत होती. मग तिचा चेहरा मऊ झाला. "भिकुबाईनी गाठोडं खाले टाकी दिन्हं. पोरना तोंडवर हात फिराडी राह्यनी. सांगं वाटस तिनी."

लोटनला आरशात काही दिसत नव्हतं. त्याचा आरसा केव्हाच फुटला होता. तो म्हातारी सांगेल तेवढं ऐकत राहिला. आई रडतेय. पोर हसतेय. दोघी खाली वाकून बिबड्या गोळा करतायत.

लिंबाखाली मोटार थांबली. माणसं एकेक करून आत चढू लागली, उपासाच्या त्याच त्या थट्टा करत. तानुबाईने फडकं डोळ्यांवर ओढून घेतलं आणि मान जराशी वाकडी करून बसली. धुरपदा धापा टाकत आली. तिचे डोळे लाल होते आणि चेहरा उजळला होता. तिने तांब्यातून पाणी ओतून पेला पुढे केला. "आत्या, पानी."

तानुबाईने हात पुढे केला, पण भलत्याच बाजूला. हवेत थोडा चाचपडला, सुनेच्या बांगड्यांना लागला आणि मग पेल्यावर आला. धुरपदाने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून पेला तिच्या ओठांशी नेला.

लोटनने मान फिरवली आणि उगीचच भोंगा वाजवला. कुणीतरी ओरडलं, "चाल रे लोटन, उपास सुटना का तुन्ही म्हैसना?"

"सुटना भाऊ," लोटन म्हणाला, आणि त्याने काळी गोटी पुढे सारली.